फोन मी ठेवला नव्हता

पिंपरीतल्या दोन खोल्या सोडून आम्ही रावेतच्या पुढे, देहूरोडच्या अलीकडे फ्लॅट घेतला, तेव्हा आईने तिथलं सगळं तपासून पाहिलं होतं. नळाला पाणी किती जोरात येतं, स्वयंपाकघरात ऊन कुठून येतं, लिफ्ट बंद पडली तर जिना गुडघ्यांना झेपेल का, खाली भाजीची गाडी थांबते का. मोबाइलला रेंज येते का, हे बघायचं तिला सुचलं नाही आणि मलाही नाही. पिंपरीत रेंज ही बघायची गोष्टच नव्हती. ती असायचीच.

नव्या घरात ती नव्हती. हॉलमध्ये एक काडी, आतल्या खोलीत तीही नाही, आणि स्वयंपाकघरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. गॅलरीत वॉशिंग मशीनच्या शेजारी कठड्याला टेकून उभं राहिलं की दोन काड्या दिसायच्या, त्याही वाऱ्यावर असल्यासारख्या. तक्रार केली की कंपनीचा मेसेज यायचा : आपल्या भागात नेटवर्क अपग्रेडचं काम सुरू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बरं वाटलं, काम सुरू आहे म्हणजे होईल. दोन उन्हाळे गेले तरी मेसेज तोच होता. दुसऱ्या कंपनीचं कार्डही आणून पाहिलं. ते फक्त गच्चीवर चालायचं.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सकाळीच कंपनीची बस पकडते आणि संध्याकाळी परत येते. दिवसभर माझा फोन चाकणला, तिथे रेंज भरपूर. त्यामुळे त्रास होता तो आईला. बाबा गेल्यापासून दुपारभर ती घरी एकटी असायची, आणि तिच्या दुपारचा मोठा आधार होता मावशीचा फोन.

मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी. लातूरकडे एका खेड्यात राहते. आई तिला अक्का म्हणते. चार वाजले की आई तोंड धुऊन, केस सारखे करून गॅलरीत जायची. आपली माणसं भेटायला येणार असावीत तशी. साधा बटणांचा फोन कानाला घट्ट धरायची आणि "जयभीम अक्का, काय करायलीस?" असं सुरू व्हायचं. पिंपरीत चाळीस वर्षं काढून आईची भाषा इथली झाली आहे, पण मावशीशी बोलताना ती तीन वाक्यांत लातूरला पोचायची. मावशीच्या खेड्यात रेंज अगदी झकास. ती म्हणायची, "एवढ्या मोठ्या शहरात ऱ्हायलीस आन् फोन तुझाच तुटायलाय."

एका दुपारी मावशीने विचारलं, की तिच्या नातीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचं आहे, तर पोरगी तुमच्याकडे राहून तिकडे शिकली तर चालेल का? आईला इतका आनंद झाला की ती म्हणाली, "अगं, नको कशाला म्हणेन मी? पाठव की, उद्या पाठव." यातलं सगळं आई बोलली. मावशीला ऐकू आलं ते एवढंच, "अगं, नको." मग लाइन तुटली.

आईने पुन्हा लावला. लागला नाही. असं रोजच व्हायचं, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही. संध्याकाळी मी घरी आले तर आतल्या खोलीतली शिलाई मशीन हॉलमध्ये आलेली, कपाटाचे दोन कप्पे रिकामे. "पोरीला टेबल लागेल अभ्यासाला," ती म्हणाली. "गुरुवारी बघून येऊ." गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे घरची सगळी कामं गुरुवारवर. आम्ही टेबल आणलं, चादरी आणल्या. मावशीचा फोन मात्र आला नाही. आई लावायची, घंटी वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही. ती शेतात गेली असेल, चार्जिंग संपलं असेल, अशी कारणं आईच काढायची आणि स्वतःला सांगायची.

मग मावसभावाचा मला कामावर फोन आला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. शेवटी म्हणाला, "ताई, पोरीची ॲडमिशन लातूरलाच घेतली. हॉस्टेल मिळालं. आईला लई लागलं बघ. सख्ख्या बहिणीनं नको म्हणून फोन ठेवला, असं म्हणायलीय."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला पटलं. त्याने मावशीला सांगितलं, तिला पटलं नाही. "आता सारवासारव करायलेत," ती म्हणाली, आणि तेही त्याने इमानदारीने मला कळवलं.

घरी येऊन आईला हे सांगणं मला फार जड गेलं. ती पीठ मळत होती. ऐकून थांबली. "मी नको म्हणाले?" एवढंच बोलली. मग परात बाजूला सारून टेबलाच्या खोलीत जाऊन बसली. लातूरला जाऊन यायचं म्हटलं तर तिच्या गुडघ्यांना एसटीचा प्रवास सोसत नाही आणि माझ्याकडे तेव्हा ऑडिट चालू होतं, एक दिवस रजा मिळत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना म्हणाली, "येत्या गुरुवारी मला त्या मोबाइल कंपनीच्या दुकानात ने."

"कशाला?"

"लिहून घ्यायचंय."

चिंचवडच्या त्या दुकानात आम्ही टोकन घेऊन बसलो. एसी होता, भिंतीवर वेगवान इंटरनेटच्या हसऱ्या जाहिराती होत्या. आई इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. आमचा नंबर आला. काउंटरवर चोवीस-पंचवीसची एक मुलगी होती, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी नंबर सांगितला, तिने संगणकात बघितलं आणि पाठ असल्यासारखं म्हणाली, "मॅडम, तुमच्या एरियात अपग्रेडचं काम सुरू आहे. मी तक्रार नोंदवून घेते."

"तक्रार नकोय," आई म्हणाली. "मला एक कागद लिहून दे."

"कसला कागद, काकू?"

"की त्या दिवशी चार वाजता लाइन तुमची तुटली. फोन मी ठेवला नव्हता. खाली सही आणि शिक्का."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला लाज वाटत होती, हे आज कबूल करते. मागे रांगेत माणसं होती, एक जण घड्याळ बघत होता. मुलगी म्हणाली, असा कागद देता येत नाही. आईने विचारलं, कोण देतं मग? मुलीने मॅनेजरला बोलावलं. तो तरुणच होता, सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कुणाला तरी फोन लावला, आमच्या सोसायटीचं नाव सांगितलं, पलीकडचं ऐकलं. मग म्हणाला, "काकू, नवीन टॉवर तुमच्याच सोसायटीच्या गच्चीवर बसणार होता. सगळं ठरलं होतं. सोसायटीनेच हरकत घेतली. रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज आला. तेव्हापासून जागा मिळत नाहीये."

तो अर्ज मला आठवला. एका रविवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात आले होते, माझे हात कणकेचे होते. "टॉवरविरोधात आहे, सगळ्यांनी केलीय," ते म्हणाले, आणि मी दोन बोटांत पेन धरून सही केली होती. चहा घेता का, असंही विचारलं होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला विचारायची गरज पडली नाही.

मॅनेजर आत गेला. आई उठेना. बाबांच्या कंपनीत टाळेबंदी झाली होती तेव्हा ती इतर बायकांबरोबर गेटसमोर अशीच बसायची, डबा मांडीवर घेऊन, भांडण नाही, आरडाओरडा नाही. काउंटरवरची मुलगी पुढचं टोकन बोलवेना. मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही लातूरकडच्या का?"

"व्हय. तू?"

"निलंग्याची. माझी आई पण असंच म्हणती मला, तू बोलता बोलता फोन ठेवतीस म्हणून." ती हसली. "मी कामाला इथं, आन् माझ्या रूमवर माझाच फोन लागत न्हाई."

तिची जेवणाची सुट्टी झाल्यावर ती आमच्याबरोबर बाहेर आली. दुकानाशेजारी एक झाड होतं, त्याच्या सावलीत उभी राहिली आणि म्हणाली, "कागद देता येत न्हाई. पण मी बोलते मावशीला. नंबर सांगा."

तिने स्वतःच्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर, म्हणून मावशीने उचलला. "नमस्कार, मी मोबाइल कंपनीतून बोलते आहे," एवढं ही म्हणतेय तोवर तिकडून फोन कट. मुलगी म्हणाली, "ओटीपी देणार न्हाई म्हणाल्या." आई त्या सगळ्या तणावातही हसली.

दुसऱ्यांदा तिने कंपनीची भाषा बाजूला ठेवली. "मावशी, ठेवू नका. मी निलंग्याची हाय. मला काहीच नको तुमच्याकडून. तुमच्या बहिणीशेजारी उभी हाय मी, चिंचवडला." मग तिने सगळं सांगितलं, शांतपणे, आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं. टॉवर बसायचा राहिलाय, त्या भागात रोज शंभर जणांचं बोलणं असंच तुटतं, लोक रोज दुकानात येऊन भांडतात. "फोन तुमच्या बहिणीनं ठेवला न्हाई, मावशी. आमच्याकडून तुटला. चूक आमची हाय. मी माफी मागते."

कंपनीच्या वतीने माफी मागायची परवानगी तिला कुणी दिली होती, देव जाणे. मुलीने फोन कानापासून काढून बघितला, लाइन चालू होती. मग मावशीचं काहीतरी ऐकून तिने फोन आईकडे दिला. "ती हाय का तिथं, म्हणायल्यात."

आईने फोन दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं ती खुलासा करेल, रडेल. ती म्हणाली, "अक्का, जेवलीस का?"

नंतर त्या दोघी खूप वेळ बोलल्या. रडल्याही. मधेच आई म्हणत होती, "पोरीला टेबल आणलंय गं मी. निळ्या फुलांची चादर आणलीय." मुलगी तिचा डबा न उघडता शेजारी उभी होती. मी तिला म्हटलं, जेवून घे. ती म्हणाली, "राहू दे ताई. रोज शिव्या खाते, आज काहीतरी झालं."

परतताना रिक्षात आई बाहेर बघत होती. आकुर्डी गेल्यावर म्हणाली, "वाचून सही केलीस?"

"नाही."

"तुझे बाबा कागद तीनदा वाचायचे. साहेब वाट बघत उभा असला तरी."

पुढच्या रविवारी कामावरून आल्यावर मी सेक्रेटरींकडे जाऊन माझी सही मागे घेते म्हणून लिहून दिलं. आई प्रत्येक मजल्यावर गेली. तिने कुणाशी वाद घातला नाही. तिसऱ्या मजल्यावर एक तान्हं बाळ होतं, त्याच्या आईला टॉवरची खरीच भीती वाटत होती. आई तिचं ऐकून आली आणि मला म्हणाली, "तिचंही चुकीचं नाही." मीटिंग झाली, टॉवरच्या बाजूने आम्ही नऊ जण, विरोधात बाकीचे. आम्ही हरलो. पुढे सात-आठ महिन्यांनी पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानांच्या इमारतीने टॉवरला जागा दिली. त्यात आमचं काहीच कर्तृत्व नव्हतं.

मावशीची नात लातूरलाच शिकते आहे. गेलेली ॲडमिशन परत थोडीच मिळते? सुट्टीत येते, त्या टेबलावर पुस्तकं पसरते आणि झोपते. निलंग्याची मुलगी एकदा आमच्याकडे जेवायला आली, आईने तिच्यासाठी भाकरी आणि झणझणीत शेंगदाण्याची चटणी केली. आता ती दुसऱ्या नोकरीत आहे, तळेगावच्या बाजूला. आईला अधूनमधून फोन करते.

रेंज आली तो दिवस आम्हाला कुणी कळवला नाही. एका गुरुवारी मी घरीच होते. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती आणि ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेला तिचा फोन वाजला. आम्ही दोघीही त्याच्याकडे बघत राहिलो. त्या खोलीत तो आजवर कधी वाजलाच नव्हता. आईने पिठाच्या हाताने उचलला, पलीकडे मावशी होती. मी पुढे होऊन गॅस बारीक केला, मग उरलेल्या भाकऱ्या मीच थापल्या, वेड्यावाकड्या. त्या पाऊण तास बोलत होत्या. आई बोलता बोलता हॉलमध्ये गेली, आतल्या खोलीत गेली, परत आली. कुठेही आवाज तुटला नाही.

तिने फोन ठेवल्यावर मी विचारलं, "एवढं काय बोलत होतीस?"

"काही नाही," आई हात धुता धुता म्हणाली. "अक्काची शेळी व्यालीय. दोन करडं झाली. एक काळं आणि एक तांबडं."