पश्चिमेची भिंत

घराला रंग द्यायचा म्हणून कालपासून सगळं सामान मागच्या अंगणात काढलं आहे. गाद्या, डबे, शिलाई मशीन, आणि त्यांच्या मधोमध वीतभर उंचीची एक खोप. शेतात राखणीला बांधतात तशी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचा लेप, वर गवताचं छप्पर, आणि सगळे सांधे केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीने, बांधलेले. सकाळचं ऊन तिच्यावर आलं आणि वास सुटला. वाळलेल्या सोपटाला एक गोडसर, जुन्या गोणपाटासारखा वास असतो. आमच्या रावेरकडच्या केळीच्या बागांत भर दुपारी तो येतो. मी जुन्या वस्तू जपणारी बाई नाही. आईच्या लुगड्यांच्या मी वर्षभरात गोधड्या शिवून टाकल्या. तरी ही खोप तीन घरं माझ्याबरोबर फिरली आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याला टेलिफोनच्या कचेरीत होते. लग्नाचं वय मागे पडत चाललं होतं आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा इतरांनाच अधिक होती. दिवसभर मी परक्या माणसांचे आवाज एकमेकांना जोडून देई. संध्याकाळी खोलीवर परतले की कुलूप उघडल्याचा आवाज, स्टोव्हचा आवाज, आणि मग काही नाही. कामाचे दिवस निभून जात, रविवार मात्र अंगावर येई. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे हस्तकलेच्या एका निवृत्त बाईंनी त्यांच्या परसात, चिकूच्या झाडाखाली, छंदवर्ग सुरू केला तेव्हा मी नाव घातलं. प्रत्येकीने एक लहानसं घर करायचं होतं. बाकीच्यांनी पुठ्ठ्याचे बंगले घेतले, गच्च्यांना कठडे लावले. माझ्या शेजारी बसणाऱ्या वकीलीणबाईंनी एकदा विचारलं, "तुमच्या घराला गिलावा कधी होणार हो?"

"झालाय," मी म्हटलं, "शेणाचा आहे. वास घेऊन बघा."

त्यानंतर त्यांनी आपली चटई जरा लांब सरकवली.

खोपच करायची हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, आणि ती माझ्यासाठी नव्हती. आई गेल्यावर माझ्या भावाने वडिलांना जळगावला आपल्याकडे आणलं. तिसऱ्या मजल्यावरची जागा, गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसे. शेत दुसऱ्याला कसायला दिलं, त्याने जुनी खोप मोडून पत्र्याची खोली उभी केली. आम्ही वडिलांना नाना म्हणायचो. नानांचं बोलणं तेव्हापासून आटत गेलं. मी महिन्यातून एकदा एस.टी.ने जाई, समोर बसे, चहा पिई. "हां", "बरं", "जेवली का", एवढ्यात भेट संपे. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. पण त्यांच्या शांततेला धरायला कुठे कड नव्हती. मला त्यांना बोलतं करायचं होतं, आणि त्यासाठी हातात काहीतरी हवं होतं.

तीन महिन्यांचे रविवार त्यात गेले. शाळकरी वयात सुटीच्या दिवसांत मी नानांची भाकरी शेतात पोचवत असे, तेव्हाची खोप आठवून आठवून बांधली. रस्ता शेताच्या पश्चिमेला. बांधावरून आत वळलं की समोर खोप, आणि दारात नाना उभे. हे चित्र इतकं पक्कं होतं की दार कुठे ठेवायचं याचा विचारही करावा लागला नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, दुरुस्तीला लागेल म्हणून उरलेलं सोपट पिशवीत टाकून, मी ती जळगावला नेली आणि नानांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावला. खोप एकदा गोल फिरवली.

"दार इकडे कोनं ठेवलं?"

"इकडेच होतं ना नाना. रस्त्याकडे."

"पश्चिमेले दार? उन्हाळ्याचा वारा आत घ्याले? येडी का काय तू!"

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. तरी मी हटून बसले. "मी भाकरी घेऊन यायचे तेव्हा तुम्ही दारात उभे असायचे. रोज."

"दारात नाही वं माय. दार मागं, विहिरीकडे." ते सोपटाची गाठ नखाने सोडवू लागले होते. "तू बांधावर आली का तुह्या डब्याचं झाकन वाजे. मंग मी फिरून इकडे येऊन उभा राहू. दिसभर दुसरं मानूस नजरेले पडे नाही."

त्यांनी वाटीभर पाणी मागितलं, सोपट भिजत घातलं, आणि माझे तीन महिन्यांचे रविवार भराभरा उसवले. "असू द्या ना," मी एकदा म्हटलं. खरंच राग आला होता. त्यांनी ऐकलं नाही. रस्त्याकडची भिंत सलग केली, दार पूर्वेला काढलं, छप्पर पुढे ओढून घेतलं. हात चालू होते तोवर बोलणंही चालू होतं: विहिरीचं पाणी, शेवरीची आडोशाची रांग, एका पावसात विझलेली चूल. चहा दोनदा गार झाला. निघताना त्यांनी खोप माझ्याच हातात दिली. "इथं कुठी ठेवू? ने तू."

यापुढे सगळं बदललं असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा पुन्हा "हां" आणि "बरं". दोन वर्षांनी नाना गेले. ती एक दुपार मिळाली, तेवढीच.

मी मात्र तेव्हापासून त्या बांधावरच्या चित्रात दार शोधते आणि मला भिंत दिसते, तिच्यासमोर उन्हात उभा एक माणूस. तो तिथलाच आहे, असं दहाव्या वर्षी मी धरून चालले होते. तो सावली सोडून फिरून आला आहे, हे समजायला एवढी वर्षं लागली. आणि माझ्या डब्याचं झाकण वाजण्याची कोणीतरी वाट पाहत होतं, ही माझी सगळी मिळकत त्या बांधावरच होती, हेही.

रंगारी आताच विचारून गेला, हे खेळणं कुठं ठेवायचं. कपाटावर, मी सांगितलं, दार पूर्वेला करून. पश्चिमेच्या त्या सलग भिंतीपुढे चार बोटं जागा मी मोकळी सोडते. तिथे दुसरं काही ठेवू देत नाही.