जोडीदार नसलेला माणूस

नागपूरजवळ आम्ही ड्राय पोर्ट बांधतोय, म्हणजे समुद्र नसलेलं मालाचं बंदर. तिथे धोके हुडकणं ही आमच्या सेफ्टीच्या साहेबांची नोकरी. भराव खचेल का, क्रेन कलंडेल का, हेच दिवसभर डोक्यात. जेवताना कोणी चुकून "सगळं मस्त चालू आहे" म्हटलं, की हे डब्यातून मान वर करतात, "अन् नाही चाललं तं?" हळूहळू त्यांच्या टेबलावर कोणी बसेनासं झालं.

साइटवर एकट्यानं फिरायचं नाही, हा नियम त्यांचाच. प्रत्येकाला त्यांनी जोडीदार नेमून दिला. "एकटा काहून फिरून राहिला गा?" असं ओरडत ते स्वतः एकटेच फिरतात.

परवा आगीची ड्रिल झाली. भोंगा वाजताच आम्ही मैदानात जमलो. ज्यानं त्यानं आपला जोडीदार पाहिला. कोणीच मागे राहिलं नव्हतं. आम्ही चहाला गेलो.

चहा संपत आला तेव्हा ते एका रिकाम्या कंटेनरमधून बाहेर आले, घामानं निथळत. मागे राहिलेल्या माणसाला कोणी शोधतं का, हे त्यांना पाहायचं होतं.

मी उठून उभा राहिलो. "साहेब, आम्ही..."

"सगळे जोडीनं आले नं?" त्यांनी विचारलं. "मंग बराबर आहे."