काळजाला घोर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहायचे आणि पेणच्या खाडीकाठच्या एका गावात चौथीच्या मुलांना शिकवायचे. सकाळच्या एस्टीने नागोठण्यावरून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. वर्गातली बहुतेक मुलं मिठागरावर आणि खारजमिनीत राबणाऱ्या घरांतली.

त्या दिवशी हृदयाचा धडा होता. फळ्यावर मी चार कप्पे काढले, पण झडपा काही मुलांच्या ध्यानात येईनात. मग मी त्यांना खाडीच्या बांधावरची उघाडी, म्हणजे पाण्याची झडपांची मोरी, आठवायला सांगितली.

"भरती आली की उघाडीची झापं काय करतात?"

"मिटतात. खारं पाणी शेतात शिरू नाय म्हणून."

"आणि ओहोटीला?"

"उघडतात. आतलं पाणी खाडीत जातं."

"हृदयाच्या झडपांचं तसंच. रक्त पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत."

मग मुलांनी एकमेकांच्या छातीला कान लावले. एरवी कलकल करणारा वर्ग गप्प झाला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. माघात तिचे वडील मिठागरावर काम करता करता छातीत कळ येऊन गेले होते. तेव्हापासून ती वर्गात फारशी बोलत नव्हती.

"बाई, हृदय म्हंजे काळीजच ना?"

"हो, बोलताना आपण तसंच म्हणतो."

"मग घोर कुठल्या कप्प्यात लागतो?"

मुलं हसली. ती हसली नाही. फळ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवून घेतलं. हळूहळू तिने सांगितलं. दिवाळीत तिला टायफॉइड झाला होता. वडील तिला घेऊन पेणच्या दवाखान्यात खेपा घालत होते. ते गेले त्या दिवशी घरात बायका रडत होत्या, आणि आत्या म्हणाली होती, पोरीच्या दुखण्यानं माझ्या भावाच्या काळजाला घोर लागला.

"माझ्यामुळं गेलं बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. इतके दिवस ती हे एकटीच धरून बसली होती.

तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी पुन्हा हृदय काढलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्यालाही रक्त लागतं, ते या बारीक नळ्यांतून येतं, असं सांगितलं. "यातली एखादी नळी आतून बुजते. बुजायला कितीतरी वर्षं लागतात. तू जन्मायच्या आधीपासूनही ते चालू असेल. तुझा ताप त्या नळीत कसा जाईल?"

तिने चित्रावरून बोट फिरवलं. "म्हंजे घोर नसतोच?"

"काळजी असते. त्यांना तुझी होती, कारण तू त्यांची होतीस. पण तुझ्या तापानं ते गेले नाहीत."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई कामावरून यायची होती. आत्या ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मुलीने काय सांगितलं ते मी हळूच तिच्या कानावर घातलं. तिचा हात सुपातच राहिला.

"मी असं बोलले? मला आठवत बी नाय, बाई." तिने सूप बाजूला ठेवलं. मग तिने आत हाक मारली, "भायेर ये गो."

मुलगी दाराशी येऊन थांबली. आत्याने तिला ओढून जवळ घेतलं. "तुझा बाप माझा धाकटा भाव. तो गेला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तोंडाला येल ते बोलले. तू काय नाय केलंस. आयकलंस?"

तेव्हा ती रडली. आत्याही रडली. मी उंबऱ्याजवळ उभी होते. माझी एस्टी चुकणार हे कळत होतं, पण पाय निघेना.

आठवड्याभराने ती आपणहून माझ्या टेबलाशी आली. "बाई, नळी बुजली हे आधी कळलं असतं, तर बाबा वाचलं असतं?"

तिला खोटं सांगावंसं वाटलं नाही. "कदाचित वाचले असते. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

ती मान हलवून जागेवर जाऊन बसली. मी पुढचा धडा उघडला. तो फुप्फुसांचा होता, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त प्रश्न तिनेच विचारले.