कोबीपुढचं भाषण

माझा धाकटा भाऊ यंदा नगरसेवकपदाला उभा राहिला आणि एकाएकी इतका सोज्वळ झाला की मलाच ओळखू येईना. पत्रकावर छापलं काय, तर ‘आजन्म निर्व्यसनी’. मी म्हटलं, “अरे, आणि ती रंगपंचमीची भांग?”

“कुठली भांग? ताई, मी आयुष्यात शिवलेलो नाही.” माझ्या तोंडावर, बरं का.

कॉलेजात असताना हा पठ्ठ्या रंगपंचमीला तीन ग्लास भांग ढोसून आमच्या मळ्यात आला होता. बांधावर उभा राहून त्याने कोबीच्या गड्ड्यांपुढे “माझ्या बंधू-भगिनींनो” करत तासभर भाषण ठोकलं. मळ्यापर्यंत पक्का रस्ता करून देतो म्हणाला, मग पुढच्या वाफ्यातल्या कोबीला मिठी मारून रडला. कोबी काढायला आलेल्या बायकांनी धरून चिंचेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे उतरली.

आता प्रचारात त्याच बायकांची सभा देवळात ठेवलेली. विरोधकांनी भांगेची कुजबुज उठवली होती, म्हणून त्याने मला गळ घातली, “ताई, तुझा शब्द त्या मानतात. एवढंच सांग, याने कधी काही घेतलं नाही.”

खरं बोलावं तर भाऊ पडणार. खोटं बोलावं तर रोज सकाळी याच बायकांबरोबर मळ्यातली फुलं तोडायला कोणत्या तोंडाने जाऊ?

माईक घेतला. “माझा भाऊ...” एवढंच म्हटलं, तर समोर सगळ्या तोंडाला पदर लावून बसलेल्या. एकीचे तर खांदे हलत होते. ते पाहून मलाच हसू फुटलं आणि काही केल्या आवरेना.

चिंच जिने कोळली होती ती म्हातारी पुढेच होती. भावाला म्हणाली, “घेतली ती घेतली, दादा. आमचं काय म्हणणं नाय. पण कोबीला रस्ता देतो म्हणला व्हता, तो कुठं हाय?”

भाऊ लालबुंद. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी हसतच होते. शेवटी माईक ओढून म्हणाला, “तीन ग्लास घेतली होती, मावशी. आणि रस्ता राहिला, ते चुकलंच.” देऊळ टाळ्यांनी दणाणलं. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप घेऊन मळ्याची वाट मोजायला हजर. म्हातारीने बांधावरून विचारलं, “आज काय पिऊन नाय ना आला?”

“फक्त चहा,” तो म्हणाला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला त्याचं बोलणं खरं वाटलं.