तळघर कोरडं आहे

बँकेत जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारतंच, "काय म्हणतंय तुझं तळघर?" मग डबा बाजूला राहतो. एक किस्सा सांगितला की शेपटाला दुसरा येतो. मंडळी पोट धरून हसतात. शेवटी मीही हसतो. पण खरं सांगू? यातलं काहीही घडत असताना मी हसलेलो नाही. मी मुळात भित्रा माणूस.

आमचं घर गंगेकाठी, राजा घाटाच्या मागच्या गल्लीत. वर मी भाडेकरू, खाली घरमालक मोघे गुरुजी आणि काकू, त्यांच्याखाली तळघर. गुरुजी ब्याऐंशीचे. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने कमी. तरी रोज दुपारी गारव्याला म्हणून तळघरात वडिलांच्या पोथ्या घेऊन बसणार. गंगा चढली की पाणी तिथल्या मोरीतून उलटं वर येतं, आणि विजेचा बोर्ड गुडघ्याएवढ्या उंचीवर! म्हणून मी मोरीपाशी सेन्सर आणून ठेवला. पाणी लागलं की तो ओरडतो आणि माझ्या मोबाइलवर भोंगा वाजतो.

*

पहिला भोंगा वाजला तो मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. "गुरुजी गेले!" एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि मी पळालो. धापा टाकत तळघरात उतरलो, तर गुरुजी निवांत वाचताहेत आणि सेन्सरच्या बरोब्बर वर, दोरीवर, काकूंचं ओलं सोवळं ठिबकतंय.

"काकू, इथे कशाला वाळत घातलंत?"

"वर घातलं की तू येता-जाता शिवतोस."

*

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या फेसानिशी खाली गेलो. सेन्सरला हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल, आणि काकूंच्या हातात गंगाजलाची तांब्या-पळी.

"अहो काकू, पाणी आलं की घाबरून ओरडायचं, हेच तर त्याचं काम!"

"म्हणूनच गंगेशी ओळख करून दिली," काकू म्हणाल्या. "आता नाही घाबरायचं ते."

*

मग सेन्सरला पाणी लागताच आपोआप सुरू होऊन पाणी उपसणारी मोटर बसवली. मिस्त्रीने काम संपवलं, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाला, "भैया, बाढ़ में पानी से पहले तो बिजली जाती है."

"इन्व्हर्टर आहे ना?"

त्याने इन्व्हर्टरकडे पाहिलं. "इस पर वाई-फाई चल जाएगा. मोटर नहीं."

म्हणजे घर बुडतंय हे मला वेळेवर कळणार, करता मात्र काही येणार नाही. मी आणखी घाबरलो. तळघराची सगळी वीज मोबाइलवरून तोडता येईल असं एक बटण तेवढं त्याच्याकडून लावून घेतलं.

*

एकदा धीर करून गुरुजींना म्हटलं, पावसाळाभर खाली बसू नका.

"अरे, जन्म गेला या काठावर. मला कसली भीती?"

"तुम्हाला नाही, मला वाटते."

गुरुजींनी पोथी मिटली. "एवढं महागाचं यंत्र माझ्यासाठी आणलंस," ते म्हणाले. "बरं. माझी काळजी तू घे, त्याची मी घेतो."

*

भाद्रपदात बँकेच्या कामाला रामनगरला गेलो होतो. दुपारी काकूंचा फोन. "गल्लीच्या तोंडाशी पाणी आलंय. हे खालीच आहेत, हाका मारतेय तर ऐकत नाहीत. माझे गुडघे हे असे, जिना उतरवत नाही."

मी मोबाइल बघितला. तळघर कोरडं आहे. काकूंना तसं सांगितलं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. रिक्षाने निघालो. पुलावर गाड्या अडकलेल्या. खाली गंगा नुसती फुगलेली, तिच्याकडे बघवेना. पुन्हा मोबाइल. कोरडं. पुन्हा बघितलं. कोरडं.

गुरुजींना फोन लावला. चौथ्यांदा उचलला.

"गुरुजी, पाणी आहे का खाली?" मी ओरडलो.

"आहे ना. पोटरीपर्यंत आलंय."

"मग यंत्र का नाही वाजलं?"

"मोरी बुडबुडायला लागली तसं उचललं मी. हातातच आहे. एक थेंब लागू दिला नाही."

"बोर्डाला हात लावू नका! वर या!" म्हणत मी वीज तोडली.

"अरे, अंधार झाला," एवढं ऐकू आलं आणि फोन बंद पडला.

रिक्षा सोडून मी पुलावरून पळत सुटलो. घरी कसा पोचलो, कुणी विचारू नका. गुरुजी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, मांडीवर उपरण्यात गुंडाळलेलं यंत्र. काकू त्यांचा दंड धरून उभ्या होत्या. मोबाइलचा टॉर्च खाली मारला. काळ्या पाण्यावर पोथ्यांची पानं तरंगत होती. मी तिथेच बसलो आणि मला रडू फुटलं.

"गुरुजी, पोथ्या का नाही उचलल्यात?"

"पोथ्या पाठ आहेत मला," गुरुजी म्हणाले. "तुझं यंत्र कुठे पाठ आहे?"