अर्ध्या शाईचं पेन

माझ्या कपाटाचा मधला खण शाईपेनांचा आहे. शाळेतली जुनी पेनं. महागडी नाहीत, सोन्याच्या निबेची तर मुळीच नाहीत. काळी, मरून, हिरव्या मार्बलची. कुणाचं टोपण तडकलेलं, कुणाचं बूड कुण्या पोरानं गणित सोडवताना चावलेलं. बोरी अरबच्या बाजारात बंद होत आलेलं स्टेशनरीचं दुकान, नातेवाइकांचे माळे, भंगारवाल्याचं पोतं, मिळेल तिथून गोळा केली. तेराव्याला गेले तरी माझा डोळा गेलेल्या माणसाच्या टेबलाच्या ड्रॉवरवर असतो. घरचे म्हणतात, म्हातारीला चळ लागला. लागू दे.

सगळ्यात जास्त हसायची ती माझी थोरली जाऊ. मी तिला बाई म्हणते. ढाणकीला शाळेत मास्तरीण होती. दिवसा पोरं शिकवायची आणि संध्याकाळी गावातल्या बायकांना गोळा करून सही शिकवायची. तिच्या वर्गातून बाहेर पडलेल्या बाईनं पुन्हा कधी कागदावर अंगठा उठवला नाही, हा तिचा ताठा होता. माझा खण पाहून म्हणायची, "लहाने, शाळेत असताना डाग पाडले तेवढे पुरले नाही का वं तुले?"

मागच्या पावसाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं आलं परत, पाय ओढत का होईना चालू लागली, पण हातात जोर राहिला नाही. बँकेत गेली तर बॉलपेन कागदावर दाबलंच जाईना. नुसती निसरडी रेघ, तीही अर्धी. तिथल्या पोरानं सरळ शाईचा पॅड पुढे केला. घरी आल्यावर ती मोरीत बसून कितीतरी वेळ अंगठ्याला साबण लावत होती. त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून यंदा तिच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा सगळे धास्तावले. नातीला मंडप नको होता. यवतमाळच्या नोंदणी कार्यालयात लग्न, मोजकी माणसं. आणि एक साक्षीदार म्हणून तिला आजीच हवी होती.

"आजी, सही नाही जमली तर अंगठा चालते," ती सहज बोलून गेली.

बाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "तुले चालत असन. मले नाही चालत. अंगठाच द्या लागत असन तर मी येतच नाही लग्नाले."

नात रडत माझ्याकडे आली. "लहान आजी, ती खरंच नाही येणार गं."

खरंच आली नसती. मी तिला उभ्या जन्मात शब्द मागे घेताना पाहिलेलं नाही.

तेव्हा मला माझा खण आठवला. बॉलपेन दाबावं लागतं. शाईपेनाला जोर लागतच नाही, निब कागदाला नुसती टेकली तरी शाई उतरते. मी जाडजूड काळं पेन निवडलं, बूड चावलेलं. बोटांत धरवत नाही, पण मुठीत मावतं. नळीत ड्रॉपरनं शाई भरायची, आट्यांना व्हॅसलीन लावायचं, गच्च पिळायचं. पेन घेऊन मी यवतमाळहून ढाणकीला जाऊन राहिले.

"मले शिकवून राह्यली का तू?" पहिल्याच दिवशी बाई कडाडल्या.

"नाही बाई. तुम्ही बायकांना शिकवायच्या तेच तुम्हाला सांगून राह्यली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चूलच पेटवायला निघाले. पण मग पेन घेतलं. पहिली अक्षरं कोंबडीनं चालावं तशी. हळूहळू तिरप्या का होईना रेघा सावरू लागल्या. मी म्हटलं, नुसतं आडनाव लिहा, पुरे. ऐकेल तर ती बाई कसली! पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि शेवटी वरून एकसलग शिरोरेघ. शिरोरेघेशिवाय अक्षर म्हणजे डोक्यावर पदर नसलेली सून, हे त्यांचं जुनंच म्हणणं.

अशा पेनाची एक खोड आहे. नळी काठोकाठ भरलेली असली की ते गाईसारखं वागतं. अर्धी रिकामी झाली की आत हवा शिरते, हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते. मग निबेच्या टोकाशी थेंब जमतो. म्हणून मी रोज सकाळी पेन काठोकाठ भरायचे.

ही अक्कल मला फार उशिरा आली. मला बघायला आले होते तेव्हा नव्हती. तेव्हा मुलीला नाव लिहून दाखवायला सांगायचे. मी वर्गात पहिली येणारी, अक्षराचा मला इतका माज की पाहुणे ओट्यावर चहा पीत होते तेवढ्या वेळात मी आत बसून जुन्या वर्तमानपत्रावर नाव गिरवत होते. वेलांट्या कशा वळवू, रफार कसा देऊ! दुसरी कुणी असती तर तोंड धुऊन पावडर तरी लावली असती. बाहेर गेले, घामेजल्या हातानं पेन धरलं, ऐटीत नाव लिहिलं आणि टपकन एवढा मोठा थेंब पडला. नेमका आडनावावर. शहाणीनं काय करावं? मावशीकडून मागून आणलेल्या साडीच्या पदरानं पुसला! कागद निळा, पदर निळा, नाक पुसलं म्हणून नाकही निळं. सासरे म्हणाले, "जाऊ द्या, आडनाव तसंही बदलायचंच आहे," आणि लग्न ठरलं. थोरली सून म्हणून आलेल्या बाई तेव्हा पदराआड हसत होत्या, त्या पुढं जन्मभर हसल्या.

तर, लग्नाचा दिवस. भर उन्हाळा. ढाणकीहून निघालो तेव्हाच गाडीची सीट चटके देत होती. पेन मी काठोकाठ भरून निब वर करून पर्समध्ये उभं ठेवलं होतं. कार्यालयात आलो तर लाइट गेलेली. कूलर बंद. आमच्या आधीची जोडी आत, आणि त्यांचा एक साक्षीदार यायचाच होता.

बाई बाकावर बसल्या. "आन ते पेन," त्या म्हणाल्या. "एकडाव पाहतो."

मी पेन दिलं, खाली वर्तमानपत्र दिलं. एकदा लिहिलं. रेघ वाकडी आली. पुन्हा लिहिलं. मला वाटलं, हात मोकळा होतोय, होऊ दे. नात येरझारा घालत होती. तिचा होणारा नवरा बाईंना पाणी देत होता, त्या त्याला हातानं बाजूला सारत होत्या आणि लिहीत होत्या. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, शिरोरेघ. पानाचा समास भरला, मग पीकपाण्याच्या बातम्यांवर, मग श्रद्धांजलीच्या चौकटीत.

आणि मला एकदम घाम फुटला. हे मी कुठं पाहिलं होतं? मला बघायला आले त्या दिवशी मीच तर केलं होतं की!

मी पेन ओढून घेतलं, कानाशी धरून हलवलं. आत शाई डचमळत होती. अर्धी.

"दौत कुठाय?" मी नातीला विचारलं.

"गाडीत. दादा गाडी घेऊन हार आणायला गेला."

तेवढ्यात आतून हाक आली, नवरा-नवरी आणि साक्षीदारांनी यावं.

मी पेन मुठीत घट्ट धरलं, निब वर. आतली हवा तापून आधीच निघून जावी म्हणून. उदबत्ती घेतल्यासारखी चालत मी आत गेले तशी टेबलामागची मॅडम पाहातच राहिली.

"बॉलपेन आहे इथं, आजी."

"हेच लागते," बाई म्हणाल्या.

"शाई पसरली तर पान खराब होईल. नाहीतर अंगठा घेऊ ना, पॅड आहे."

बाई वळल्या. दाराकडे. नातीनं त्यांचा कोपर धरला. तिचा चेहरा पाहवेना.

"मॅडम," मी म्हटलं, "एकडाव लिहू द्या त्यांना. डाग पडला तर म्हणाल ते करू."

हे मी कुणाच्या भरवशावर बोलले, देवालाच ठाऊक.

बाई बसल्या. वर नवरा-नवरीच्या सह्या ताज्या होत्या, खाली बाईंसाठी चिंचोळी ओळ. त्यांनी पेन मुठीत धरलं. ती मूठ किती तापली असेल हे मला कळत होतं. नाव उमटलं. मॅडम घड्याळाकडं पाहात होती. नवऱ्याचं नाव उमटलं. आडनावाचं पहिलं अक्षर, दुसरं. आता शिरोरेघ तेवढी राहिली, आणि निबेच्या टोकाशी थेंब दिसला.

आधी मोहरीएवढा. मग तुरीच्या दाण्याएवढा. ओरडावं तर त्या दचकतील, हात लावावा तर हिसका बसेल. मी पदर तोंडात धरला. थेंब नेमका नातीच्या नावावर लोंबत होता.

बाईंनी तो पाहिला. जन्मभर पोरांच्या वह्यांवर वाकलेले डोळे ते. मूठ जागची हलली नाही. डावा हात तेवढा सावकाश टेबलावरून सरकत आला आणि त्यांनी डावा अंगठा अलगद निबेखाली धरला. थेंब अंगठ्यावर उतरला. मग त्यांनी शिरोरेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, किंचित थरथरती, कुठंही न तुटलेली.

मॅडमनं पान स्वतःकडे फिरवून पाहिलं. "चांगलं अक्षर आहे," ती म्हणाली. मग तिची नजर बाईंच्या निळ्याशार अंगठ्यावर गेली आणि तिला हसू आलं. "अंगठा तयारच आहे आजी, उठवायचा का?"

"हात तं लावून पाह्य म्हणा तिले," बाई मला म्हणाल्या.

नातीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. बाहेर हार आले होते, दौतही आली होती. फोटोसाठी सगळे उभे राहिले. तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि माझ्या नव्याकोऱ्या साडीचा पदर हळूच ओढून अंगठा पुसला.

"बाई!"

"तुले सवय आहे," त्या म्हणाल्या, आणि कॅमेऱ्याकडं पाहून हसल्या.