खरा आकडा जरा हलतो

कुठलाही कागद हातात आला की आमचे केमिस्ट साहेब आधी तो खिडकीच्या काचेला लावायचे. त्यावर मागल्या खेपेचा कागद ठेवायचे आणि दोन्ही उजेडात बघायचे. तुम्ही मोठी नोट बघता ना, तसं.

कुरकुंभच्या औषधाच्या कारखान्यात मी पिंपं उघडायच्या कामाला होतो. शिक्षण चौथी. साहेब कासुर्डीचे, माझ्या पोराच्या वयाचे, पण मला मामा म्हणायचे. कच्चा माल आला की पुरवणाऱ्यानं केलेल्या तपासणीचा कागद बरोबर यायचा. साहेबांचा त्यावर काडीचा भरवसा नव्हता. सगळे आकडे मागल्या कागदाशी तंतोतंत जुळले, की तिकडं माल कुणी तपासलाच नाही, नुसती तारीख बदलली, असं समजायचं.

"खरा आकडा जरा हलतोच, मामा," म्हणायचे आणि मला नमुना काढायला धाडायचे.

ट्रकवाला गेटवर ताटकळायचा, खरेदीवाले फोनवर ओरडायचे. साहेब ढिम्म. कॅन्टीनच्या चहालाही सोडायचे नाहीत. एकदा घोट घेऊन म्हणाले, "कालच्यासारखाच लागतोय. म्हंजी कालचाच हाय." कॅन्टीनवाला चार दिवस बोलला नाही. असला माणूस तुमच्याही कामावर असेल. बरोबर असतो, आणि कुणालाच नको असतो.

मग माझी मंडळी आजारी पडली. न्हावऱ्याच्या घरून तिला शिरूरला नेली. रक्त तपासलं आणि डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्यात. मी तो कागद घेऊन साहेबांकडं गेलो. दुसऱ्याच्या कागदात चूक काढायची तर ह्या माणसानंच, असं मला वाटत होतं.

"खोटा असंल, साहेब. तुम्ही बघा."

त्यांनी काचेला लावला, पण त्यावर ठेवायला दुसरा कागद नव्हता. म्हणाले, दौंडला परत तपासा.

दौंडच्या लॅबवाल्यानं पहिला कागद मागून बघितला. मला बरंच वाटलं. आता ह्यानं तोच आकडा उतरवला, तर साहेब लगेच चोरी धरतील आणि सगळंच खोटं ठरंल. माणूस कशाकशाची आशा धरतो बघा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन्ही कागद काचेवर धरले. किडनीचा आकडा शिरूरचा सात पॉइंट आठ, दौंडचा सात पॉइंट सहा. आकडे मलाही वाचता येतात. तरी मी विचारलं, "तोच हाय ना?"

काचेकडंच तोंड ठेवून ते म्हणाले,

"न्हाई, मामा. जरा हललाय."

परत तपासू, असं त्या दिवशी म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही.

ती गेली. दहाव्याला साहेब मोटरसायकलवर न्हावऱ्याला आले. भिंतीला टेकून बसले, चहा तसाच गार झाला. त्याला मात्र नाव ठेवलं नाही. पुढं कंपनीनं त्यांना काढलं, का त्यांनीच सोडली, मला कुणी सांगितलं नाही. आता तिथं कागद कॉम्प्युटरवर बघतात. खिडकीला पडदा लावलाय.

ते दोन कागद माझ्याकडं आहेत. कधीमधी घरच्या खिडकीला धरतो, साहेब धरायचे तसे. जरा सरकवले की तिचं नाव तिच्या नावावर नीट बसतं. मग आकडा बसत नाही.